शंकेश्वरीचा पूर्वपक्ष

॥ श्री ॥
३ फेब्रुवारी

जो न मागता श्वास देतो, दिलेल्याचा हिशेब विचारत नाही, आणि देऊन झाल्यावर हात मागे घेऊन दूर उभा राहतो, त्या आदिदात्याच्या कृपेला आधी वंदन. तिच्यावाचून लेखणीत शाई उतरत नाही. उतरली तरी अर्थ उतरत नाही.

चि. शंकेश्वरीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. ते काकूच्या आधी मी फोडले, यावरून सकाळी घरात एक छोटे युद्ध झाले. तहाच्या अटींनुसार या पत्राच्या शेवटी चार ओळी तिच्या असतील.

आता मूळ विषय. बहिऱ्या कानाला पुन्हा ऐकू यावे यासाठी तू उंदरांवर प्रयोग करतेस, त्यासाठी सरकारी संशोधन निधीकडे अर्ज करणार आहेस, आणि आपली कल्पना समितीपुढे कशी मांडावी हे विचारतेस कोणाला, तर जन्मभर पोथ्या शिकवलेल्या काकाला! उंदरांशी माझा संबंध इतकाच, की आमच्या कोठीतल्या उंदरांना माझे ओरडणे स्पष्ट ऐकू येते आणि तरीही ते जात नाहीत.

तरी विचारलेसच म्हणून सांगतो. आमच्या जुन्या आचार्यांची एक रीत होती. आपला सिद्धान्त सांगण्याआधी त्याच्याविरुद्ध जे जे बोलता येईल ते सारे स्वतःच मांडायचे. याचे नाव पूर्वपक्ष. तो लेचापेचा मांडायचा नाही. प्रतिपक्षी स्वतः येऊन म्हणाला पाहिजे, ‘बाबा रे, याहून चांगले मलाही बोलता आले नसते.’ मग त्याला उत्तर द्यायचे, आणि मग सिद्धान्त. ज्याने आपल्या घराला आतून धक्के मारून पाहिले, त्यालाच दुसऱ्याला आत बोलावण्याचा अधिकार. तू लहानपणी प्रत्येक गोष्टीवर ‘पण कशावरून?’ म्हणायचीस आणि म्हणून घरादाराने तुझे नाव शंकेश्वरी ठेवले. ती शंका आता स्वतःवर चालव.

फोन का उचलत नाही, असेही विचारतेस. फोनवरचे बोलणे म्हणजे पाण्यावरची रेघ. पत्र उशाशी ठेवता येते. संध्याकाळचा पाठवर्ग चालू आहे. मुलांचे पठण अलीकडे इतके सुधारले आहे की चूक काढायला जागा सापडत नाही.

तुझा,
काका

ता. क. : अगं, यांना अर्जात संस्कृत घालू देऊ नकोस. समितीतली माणसं झोपतील. तब्येतीला जप. – काकू


२० फेब्रुवारी

तीर्थस्वरूप काकांस साष्टांग नमस्कार.

अर्ज गेला! पूर्वपक्षासकट. काकूला सांगा, संस्कृत एकही नाही.

तुम्हाला नीट सांगते, नेमकं काय मागितलंय. पक्ष्याच्या कानातल्या ऐकणाऱ्या पेशी मेल्या, तर थोड्याच दिवसांत नव्या उगवतात. आपल्या मेल्या की मेल्या. उंदराचंही तसंच. पण माझ्याकडे पक्ष्याच्या कानातून काढलेलं एक द्रव्य आहे. ते बहिऱ्या उंदराच्या कानात सोडलं आणि काही दिवसांनी तिथे पेशी पुन्हा दिसायला लागल्या. माझं म्हणणं, त्या नव्या जन्मल्या. हा माझा सिद्धान्त. त्याच्याविरुद्ध मी स्वतःच तीन आक्षेप लिहिले. पहिले दोन किरकोळ. तिसरा मात्र मुळावरच घाव घालणारा : त्या नव्या नसतीलच. जुन्याच, आपण मेल्या म्हणून सोडून दिलेल्या, अर्धमेल्या पेशी सावरल्या असतील. तसं असेल तर माझा सगळा डोलारा खाली.

सरांनी अर्ज वाचला. सर म्हणजे माझे जुने मार्गदर्शक, ज्यांच्या हाताखाली मी संशोधन शिकले. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “वेडी आहेस का? अगं, पोहून आलेल्या नदीतच उडी मारतो म्हणून सांगायचं असतं!”

ही आमच्याकडची रीत आहे, काका. आधीच्या निधीतून पुढचा प्रयोग गुपचूप करून ठेवायचा. उत्तर हातात आलं की ते खणात ठेवायचं, आणि तोच प्रयोग ‘करणार आहे’ म्हणून नवा निधी मागायचा. मग अपयश येणारच कसं? त्या पैशात त्याच्या पुढचा प्रयोग. असं चक्र. मी म्हटलं, “सर, हे खोटं नाही का?” तर म्हणाले, “समितीला ठाऊक आहे. ते विचारत नाहीत, आपण सांगत नाही. याला संसार म्हणतात.”

सर वाईट नाहीत. याच युक्तीवर त्यांनी कितीतरी मुलं मार्गाला लावली. त्यातली एक मी. माझ्याही खणात उंदराच्या पिल्लांच्या कानावरचा एक पूर्ण झालेला, छान, गुळगुळीत प्रयोग आहे. पण मी तो मागितला नाही. ज्याचं उत्तर खरंच माहीत नाही, तेच मागितलं.

बघू या.

तुमची,
शंकेश्वरी


११ जून

तीर्थस्वरूप काकांस नमस्कार.

आपटले.

परीक्षकाचं मत जसंच्या तसं लिहिते : ‘आपली कल्पना चुकीची कशी आहे हे अर्जदाराने पहिल्या तीन पानांत समर्थपणे सिद्ध केले आहे. मग निधी कशासाठी?’

चौथ्या पानावर उत्तरं होती, काका. चौथ्या!

सर इतके हसले की चष्मा खाली पडला. “पूर्वपक्षावरच पडदा पडला की गं!” मग त्यांनाच वाईट वाटलं आणि चहा सांगितला.

मला रडू नाही आलं. पण लंबूकडे बघवत नाही. तो माझ्याबरोबर काम करणारा संशोधक. दारातून वाकून आत येतो म्हणून लंबू. त्याचा पगार जुन्या निधीतून निघतो आणि तो वर्षअखेर संपतो. त्याच्या बायकोला जुळं होणार आहे. काल म्हणाला, “मॅडम, काळजी करू नका, मी शिकवण्या घेईन.” एवढा हुशार माणूस!

ऑगस्टमध्ये पुन्हा अर्ज मागवणार आहेत. खणातला प्रयोग तिथेच आहे. बसले तर आठवड्यात अर्ज होईल आणि तो पडणार नाही, हे मला आत्ताच माहीत आहे. काय करू?

शंकेश्वरी


॥ श्री ॥
१८ जून

चि. शंकेश्वरीस आशीर्वाद.

‘समर्थपणे’ हा शब्द मी पुनःपुन्हा वाचला. आधी लाज वाटली, मग, क्षमा कर, थोडा अभिमान वाटला. पूर्वपक्ष असा उतरला पाहिजे! परंतु चूक माझी. आचार्यांचा वाचक शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा होता, कारण त्याला दुसरे काम नव्हते. तुझ्या परीक्षकापुढे अर्जांचा ढीग असणार, आणि घरी त्याचीही वाट पाहणारे कोणी असणार. त्याच्यावर रागावू नकोस.

आता तुझा प्रश्न. दानाचा विचार करताना आमच्याकडे द्रव्याआधी देणाऱ्याचे मन पाहतात. देऊन जो मोकळा होतो, त्याचे दान. देताना जो परतफेड ठरवून घेतो, त्याचा व्यापार. लोकांचा पैसा विद्येला दिला जातो, ही केवढी उदात्त गोष्ट आहे! ज्यांनी तो दिला त्यांना तुझे नावही ठाऊक नाही. पण मध्ये बसलेला कोणी जर म्हणू लागला की ‘फळ आधी दाखवा, मग झाडाला पाणी घालू,’ तर लोक बाजारातली फळे दोऱ्याने फांदीला बांधूनच त्याच्या दारात येणार. दोष बांधणाऱ्याचा आहे, तसाच मागणाऱ्याचाही आहे. शेवटी होते काय, की दोरा उत्तम बांधणारे मोठे होतात, आणि खरे रोप लावणारा ‘वेळ लागेल’ म्हणतो म्हणून तहानलेला राहतो.

हे सारे मी पोट भरलेले असताना लिहीत आहे, हे विसरत नाही. लंबूच्या घरी दोन जीव येणार आहेत. म्हणून ‘कर’ म्हणत नाही आणि ‘करू नकोस’ही म्हणत नाही. एवढेच विचारतो : ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे, असा एक तरी प्रश्न तू लहानपणी कधी विचारला होतास का?

काका

ता. क. : यांचं तत्त्वज्ञान संपलं. आता माझं ऐक. तोच अर्ज पुन्हा धाड, पण पहिल्या पानावर ठळक लिही : ‘हे आक्षेप माझेच आहेत. उत्तरे पुढे आहेत. कृपया शेवटपर्यंत वाचावे.’ इतकी साधी गोष्ट! यांना सुचली नसती. – काकू


२ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप काकांस आणि (आधी) काकूस साष्टांग नमस्कार.

मिळाला! तीन वर्षांचा!

काकूचं वाक्य जसंच्या तसं पहिल्या पानावर घातलं. या वेळी मुलाखतीला बोलावलं. लांबलचक टेबल, पलीकडे पाच जण, आणि मधोमध समितीच्या अध्यक्षबाई. पूल बांधणाऱ्या निवृत्त अभियंत्या. केस पांढरे, आवाज करवतीसारखा. माझ्या अर्जाची पानं त्यांनी दुमडून दुमडून मऊ केली होती.

“हा तिसरा आक्षेप,” त्या म्हणाल्या, “खरा ठरला तर?”

“तर तसं कळवीन.”

“आणि पैसे?”

“खर्च झालेले असतील. पण उत्तर मिळालेलं असेल.”

शेजारचे एक गृहस्थ खाकरले. “म्हणजे यशाची खात्री नाही?”

मी उत्तर द्यायच्या आत बाईच त्यांच्याकडे वळल्या. “आज सकाळपासून जो आला तो खात्री घेऊनच आलाय. सगळ्यांनाच सगळं माहीत असेल तर आपण इथे कशाला बसलोय? बिस्किटं खायला?” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मी पूल बांधले. आराखड्यात आम्ही आधी लिहायचो, हा कशाकशाने पडेल. कुणी कधी म्हणालं नाही की बाईंचा पुलावर विश्वास नाही.”

काका, मला तिथेच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

लंबूला मुलगा आणि मुलगी झाली. सर म्हणतात, एकाला पूर्वपक्ष म्हणा, दुसरीला उत्तरा. चहा या वेळी त्यांनी न हसता पाजला.

ही बातमी द्यायला फोन केला होता. काकू म्हणाली, तुम्ही बागेत आहात. तुम्ही प्रत्येक वेळी बागेतच कसे असता? तुमची बाग आहे की जंगल?

शंकेश्वरी


॥ श्री ॥
१५ मार्च

चि. शंकेश्वरीस आशीर्वाद.

तुझ्या त्या बातमीला वर्ष सरून गेले. आमचे क्षेम आहे. मोगऱ्याला या वेळी कळ्या बऱ्या आहेत. काकूच्या गुडघ्याला तेल लागू पडले. शेजारचे गृहस्थ काल वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आले : ‘बहिऱ्यांना लवकरच ऐकू येणार!’ खाली तुझ्या प्रयोगशाळेचा उल्लेख होता. ‘लवकरच’ हा शब्द तुझा नसणार, हे मी त्यांना सांगितले. कात्रण मी पुस्तकात ठेवले आहे.

जेवणाची वेळ पाळत जा.

काका


९ सप्टेंबर

तीर्थस्वरूप काकांस नमस्कार.

गेल्या दीड वर्षात तुम्ही मला मोगरा, गुडघा आणि जेवण याखेरीज काही लिहिलेलं नाही. कामाचं विचारणंच सोडलंत. माझं काही चुकलं का? की कंटाळलात? आज मात्र कंटाळलात तरी वाचा. मला दुसरं कुणी नाही.

तिसरा आक्षेप खरा ठरला.

आम्ही एक खूण वापरतो. उंदराच्या अंगात ती असली की त्यानंतर जन्मलेली प्रत्येक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी दिसते. जुन्या हिरव्या होत नाहीत. द्रव्य दिलं, पेशी दिसू लागल्या, खूण बघितली. हिरवी एकही नाही. लंबूने पुन्हा केलं. मग मी पुन्हा केलं. मग अदलाबदल करून एकमेकांचं तपासलं. नाही. त्या नव्या नाहीतच. जुन्याच सावरल्यात.

गेल्या मंगळवारी दुपारी लंबूने हाक मारली. “मॅडम, एक हिरवी आहे!”

मी धावत गेले. बघितलं. “लंबू, ही कडेची आहे. ही ऐकणारी पेशीच नव्हे.”

“कडेची, पण अर्धी आत आहे ना?”

“नाहीये.”

“चित्र जरा वरून कापलं, तर आत दिसेल.”

तुमच्यापाशी कशाला लपवू, क्षणभर माझाही हात ते चित्र कापायला पुढे गेला होता. मग लंबूनेच संगणकाचा पडदा बंद केला. “मी काय बोललो ते विसरा. दोन्ही पोरांना ताप आहे, डोकं ठिकाणावर नाही.” आणि वाकून दारातून बाहेर गेला.

निधीची तीन वर्षं संपत आली, पुढच्या महिन्यात अहवाल द्यायचा आहे. त्याच्यावर पुढचा निधी ठरणार. नाही मिळाला तर प्रयोगशाळा बंद, लंबू घरी. सर म्हणतात, “खोटं लिहू नकोस. फक्त ‘नाही’ लिहू नकोस. ‘अधिक अभ्यासाची गरज आहे’ असं लिही. यात खोटं काय आहे? अभ्यासाची गरज कधी नसते?”

आणि ती माणसं, काका. त्या मेल्या कात्रणानंतर मला किती जणांनी लिहिलंय! लहान मुलांच्या आया. एक म्हातारे वादक, ज्यांना स्वतःचं वाद्य ऐकू येत नाही. सगळे वाट बघतायत. त्यांना काय सांगू?

बोला काहीतरी. आणि मोगऱ्याबद्दल नको.

शंकेश्वरी


॥ श्री ॥
१६ सप्टेंबर

चि. शंकेश्वरीस अनेक आशीर्वाद.

मी रागावलो नाही आणि कंटाळलोही नाही. तुझ्या कामाचे न विचारण्याला एक कारण आहे. ते मी आज सांगणार नाही, कारण आज सांगितले तर ते राखण्यात अर्थच उरणार नाही. तुझा अहवाल गेला की सांगेन. तोवर काकावर विश्वास ठेव.

जुन्या वादसभांतली एक गोष्ट तुला सांगायची राहिली होती. पूर्वपक्ष नेहमी हरण्यासाठीच उभा केलेला असतो, असे नाही. कधी तो जिंकतो. तेव्हा खरा आचार्य काय करी? आपणच उभ्या केलेल्या प्रतिपक्ष्याचा हात धरून त्याला आपल्या आसनावर बसवी आणि स्वतः खाली बसून ऐके. सभेत त्या दिवशी जयजयकार होई तो दोघांचा. तुझा तिसरा आक्षेप कोणा परक्याचा नाही. तो तुझ्याच पोटचा आहे. त्याला आसन दे.

सरांचे वाक्य खोटे नाही, हे मान्य. पण खरे वाक्य जेव्हा खऱ्यालाच झाकण्यासाठी पांघरले जाते, तेव्हा ते खोट्याचीच चाकरी करते. तुझा हात पुढे गेला, हे तू लिहिलेस. हात सर्वांचाच जातो. तो परत आला, हे मी महत्त्वाचे धरतो. आणि लंबूने पडदा स्वतः बंद केला, याबद्दल त्याला माझा नमस्कार सांग. अंगावर दोन तापलेली लेकरे असताना तसे करणे हे माझ्या साऱ्या पाठांतराहून मोठे आहे.

राहिले वाट पाहणारे. त्यांची दया करताना त्यांना लहान लेखू नकोस. ही वाट पुढे बंद आहे, हे वेळेवर कळणे हेही दानच. वाट पाहणारा मग दारातून उठतो आणि उरलेल्या दिवसाचे काही करतो. खोट्या आशेने त्याला दारातच बसवून ठेवणे, यासारखी निर्दयता नाही. हे मी पोथीतून सांगत नाही. अशा एका माणसाला मी जवळून ओळखतो.

काका

ता. क. : मी या वेळी काही लिहीत नाही. लिहायला लागले तर नको ते लिहीन. – काकू


२८ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप काका-काकूंस साष्टांग नमस्कार.

लिहिलं. पहिल्याच ओळीत : ‘माझा सिद्धान्त चुकीचा ठरला आहे. अर्जातला तिसरा आक्षेप बरोबर होता.’

आधी लंबूला दाखवलं. त्याने वाचलं, खाली आपली सही केली आणि म्हणाला, “आज नीट झोप लागेल. म्हणजे, पोरांनी लागू दिली तर.”

समितीपुढे बोलावलं. तेच टेबल. मागच्या वेळचे खाकरणारे गृहस्थ म्हणाले, “मग हे अपयश म्हणून नोंदवायचं ना?”

अध्यक्षबाईंनी माझा जुना अर्ज पुढे ओढला, तिसरा आक्षेप मोठ्याने वाचून दाखवला, आणि म्हणाल्या, “हे हिने आधीच विचारलं होतं. आता उत्तर आणलंय. लोकांनी पैसे उत्तरासाठी दिले होते, होकारासाठी नव्हे.”

मी खाली बघत होते, कारण डोळे भरले होते.

आता निकाल. निधी मिळाला, पण अर्धा. एक खोली सोडावी लागली. माझं टेबल आता जिन्याखाली आहे. लंबूची नोकरी राहिली. आणि प्रश्न बदलला : मेल्या म्हणून सोडून दिलेल्या पेशी जर जिवंत असतात, तर त्यांना वेळेत कसं सावरायचं? हे आधी कुणी विचारलंच नव्हतं, कारण सगळे नव्या पेशींच्या मागे होतो! फक्त, काका, हे ताज्या इजेपुरतंच आहे. ज्यांचं ऐकणं जाऊन वर्षं लोटली, त्यांच्यासाठी यात काही नाही. त्या म्हाताऱ्या वादकांना तसंच लिहिलं. त्यांचं उत्तर आलं : ‘स्पष्ट सांगितल्याबद्दल आभार. आता नातवाला बोटं ठेवायला शिकवतो, ती तर दिसतात.’

दुसऱ्या एका प्रयोगशाळेने याच द्रव्यावर फार मोठं काम सुरू करायचं ठरवलं होतं. त्यांनी थांबवलं आणि आभार मानले. आणि बाईंनी अर्जाच्या नमुन्यात सगळ्यांसाठी एक पान वाढवलंय : ‘आपले म्हणणे कशाने चुकीचे ठरू शकेल?’ सरांनी ते पान भरलं. नव्या नदीत उडी मारतायत, या वयात! म्हणाले, “बुडालो तर तुझ्या काकांच्या नावाने ओरडेन.”

तुमची पत्रं आमच्याकडच्या नव्या मुलांना वाचून दाखवू का? त्यांना हवी आहेत.

रविवारी सकाळी फोन करते. या वेळी बागेत जायचं नाही. मला तुमचा आवाज ऐकायचाय.

तुमची,
शंकेश्वरी


॥ श्री ॥
४ डिसेंबर

चि. शंकेश्वरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र काकूने आणि मी एकत्र वाचले. तिने दोनदा डोळे पुसले. मी तिच्याकडे पाहिले नाही, म्हणजे तिलाही माझ्याकडे पाहावे लागले नाही.

आता वचन पाळतो. माझा आवाज तू रविवारी ऐकशील. तुझा मात्र मला येणार नाही. तू पहिला अर्ज लिहिलास, त्याच्या आधीपासूनच माझे ऐकणे उतरू लागले होते. आता डावा कान पूर्ण गेला. उजव्यात भांड्यांचा खणखणाट आणि काकूचा राग एवढेच पोचते. मी बागेत कधीच नव्हतो, बाळ. फोनजवळच बसलेला असे. आणि मुलांचे पठण मुळीच सुधारले नव्हते.

का सांगितले नाही, हे तुला आता वेगळे सांगायला नको. तू हातात तराजू धरून उभी होतीस. त्याच्या एका पारड्यात काकाचा कान पडला असता, तर ती कडेची पेशी किती सहज आत सरकली असती! देणाऱ्यांनी देऊन हात मागे घ्यावा, असे मी मोठ्या तोंडाने लिहिले होते. मग माझ्या आशेचा हात मी कसा पुढे ठेवू? कामाचे विचारले असते, तर प्रत्येक ओळीत तो हात तुला दिसला असता. म्हणून मोगरा, गुडघा आणि जेवण. काकूला बोलू न देणे हे यातले सर्वांत अवघड काम होते.

आशा नव्हती, असे म्हणणार नाही. होती. ते कात्रण मी पुस्तकातून काढून अनेकदा वाचले. काल त्याच्या पाठीला तुझे हे पत्र चिकटवले. आता पुस्तक उघडले की आधी ‘लवकरच’ दिसते, आणि पान उलटले की ‘नाही’. तुला आश्चर्य वाटेल, पण मला दुसऱ्या बाजूनेच अधिक बळ येते. सत्य श्रेष्ठ आहे, हे मी जन्मभर शिकवले. ते आपल्याच घरच्या लेकीने, आपल्याच काकाच्या कानाच्या किमतीवर, न जाणता का होईना, पाळून दाखवले. यापरते ऐकण्यासारखे आता माझ्यासाठी काय उरले?

तुझ्या त्या वादकांचे उत्तर वाचून मीही उठलो. वर्ग बंद करणार होतो, तो चालू ठेवला. आता एक मुलगा पाठ म्हणतो, दुसरा त्याच्या चुका काढतो, तिसरा त्या चुका खरेच चुका आहेत का हे तपासतो, आणि मी सर्वांच्या ओठांकडे पाहतो. मुले इतकी दक्ष कधीच नव्हती. पूर्वी सारा भार माझ्या दोन कानांवर होता. आता तो साऱ्या वर्गाच्या कानांवर आहे. काकू पाटीवर लिहून भांडते. लिहिण्याचा कंटाळा असल्याने भांडण थोडक्यात आटोपते. फायदा नाही असे कोण म्हणेल?

तेव्हा रविवारी अवश्य फोन कर. मी बोलेन, तू ऐक. तू बोलशील ते काकू पाटीवर लिहून दाखवील. तिने वाक्ये गाळली तर तुझ्या पुढच्या पत्रावरून पकडीन. अध्यक्षबाईंना माझा नमस्कार कळव आणि सांग, एका बहिऱ्या म्हाताऱ्याने त्यांचे वाक्य अगदी स्पष्ट ऐकले.

पत्रे मुलांना खुशाल दाखव. म्हणून शेवटचा आशीर्वाद तुझ्या एकटीच्या नावे न ठेवता सर्वांपुढे ठेवतो.

ज्यांच्या कष्टाच्या पैशातून विद्येचा दिवा जळतो आणि ज्यांना त्याचा उजेड कोणत्या खोलीत पडतो हेही ठाऊक नाही, त्यांचे घर भरलेले राहो. जे तो पैसा वाटतात, त्यांना शेवटच्या पानापर्यंत वाचण्याचा धीर मिळो. जे शोधतात, त्यांना ‘आहे’ म्हणण्याचे भाग्य लाभो, आणि त्याआधी ‘नाही’ म्हणण्याचे बळ. जे वाट पाहतात, त्यांना कोणी खोटे न सांगो. आणि ही पत्रे वाचणाऱ्या प्रत्येकाला, त्याच्या म्हणण्यातली उणीव जगाच्या आधी आणि प्रेमाने दाखवणारे एक तरी माणूस घरात असो. तथास्तु.

तुझा,
काका